पेशीचा आजार

“आला पाहा तुमचा पेशीवाला!” म्हणत सचिन हवालदारानं अश्विनला तुरुंगाच्या दवाखान्यातल्या बाकावर जवळजवळ टाकलंच. “भाईर गाडी उभी हाय, कोर्टात पेशी हाय, अन् याचं अंग बराबर आजच दुखून राह्यलं.”

अश्विन गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. मांड्या, पाठ, दंड, कुठं हात लावायची सोय नव्हती. चंद्रभान कंपाउंडरनं त्याची नाडी पाहिली आणि गरम पाण्याची पिशवी भरायला घेतली.

“नाटक नाई हे, सचिन. डॉक्टरले फोन लाव. हा नाई जात पेशीले.”

गाडी बाकीच्या कैद्यांना घेऊन निघून गेली. अश्विनची ही तिसरी पेशी, म्हणजे कोर्टातली तारीख, हुकली.

चंद्रभान मूळचा वडनेरच्या शेतकरी घरातला, आता सिंदी मेघेत दोन खोल्या बांधून राहिलेला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस तुरुंगातली खरूज आणि खोकला याच्याच गळ्यात. माणूस भला, पण एक खोड होती, शुद्ध मराठीची. कामकाज मराठीत करा, असं वरून पत्र आलं तेव्हा इतरांनी ते फायलीला लावलं, यानं मनाला लावून घेतलं. डॉक्टर इंग्रजीत बोलत, हा रजिस्टरात मराठीत उतरवून घेई. अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचं त्याला भारी कौतुक.

अश्विन हिंगणीचा, चोवीस वर्षांचा. शेतांतल्या मोटारपंपांच्या चोरीत त्याचं नाव आलं होतं. त्यानं चोरी केली की नाही हे अजून कुणीच ठरवलं नव्हतं, कारण खटलाच उभा राहिला नव्हता. तरी सव्वा वर्ष तो आत होता. सिकलसेल हा रक्ताचा आजार त्याला जन्मापासूनचा. दर पंधरवड्याला त्याची आई पंचफुलाबाई मुलाखतीला येई आणि जाताना फाटकाशी चंद्रभानला गाठून हात जोडी.

“जयभीम साहेब. तुमी हाय म्हणून माया पोरगा जित्ता हाय.”

“जयभीम बाई. काई नाई, ड्युटीच हाय आपली,” असं तो म्हणे खरा, पण त्या दिवशी घरी जाताना सायकल जरा ऐटीतच चाले.

तिसरी पेशी हुकली त्याच आठवड्यात विधी सेवेकडून नेमलेल्या वकील आकांक्षाताई दवाखान्यात आल्या. अश्विनसाठी आजारपणावरून जामीन मागितला होता, तो मागच्याच आठवड्यात नामंजूर झाल्याचा आदेश त्यांनी टेबलावर ठेवला.

“काका, हे वाक्य तुमचं ना? तुरुंगाच्या अहवालात तुमच्या रजिस्टरातून जसंच्या तसं उतरलंय.”

चंद्रभाननं चष्मा लावून वाचलं. ‘आरोपीस पेशीचा आजार असून तो पेशीच्या दिवशी बळावतो.’

“हो, माहंच हाय. बराबर तर हाय. सेल म्हंजे पेशी. रक्तातल्या पेशी. शाळेत शिकलो आपण.”

“तुम्ही शाळेतली पेशी लिहिली, काका. कोर्टानं कोर्टातली वाचली. सरकारी वकिलांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसले. पेशी आली की आजारी पडणारा आरोपी! झाला अर्ज नामंजूर.”

चंद्रभाननं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तरी पोराच्या गळ्याला फास लावायला ते पुरेसं होतं. सचिनची थट्टा कुठून आली, हेही आता कळलं. त्याला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचफुलाबाईंनी जोडलेले हात आठवले तेव्हा तर कुठं तोंड लपवू असं वाटलं.

“पण तो पेशीच्याच दिवशी का बळावतो?” आकांक्षाताईंनी विचारलं.

हे चंद्रभाननं अश्विनला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. अश्विन फरशीकडे पाहत बोलला.

“आदल्या दिवसापासून मी पाणी पेत नाई, साहेब. गाडी मधात कुठी थांबवत नाईत. कोर्टात घंटा घंटा बसवते. मांगं एकदा अंगावरच झालं. तसाच ओल्या पँटीनं उभा राह्यलो. माय समोरच होती.”

“अरे, पाणी कमी पडलं का हे दुखणं उसळते, ठाऊक नाई का तुले?”

“ठाऊक हाय. दुखणं सोसते, साहेब. ते नाई सोसत.”

टेबलाशी बसून चंद्रभाननं नवा अहवाल लिहायला घेतला. या वेळी सरळ ‘सिकलसेल’ लिहिलं, सगळं जग म्हणतं तसं. अश्विन पेशीआधी पाणी का पीत नाही तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘आधीचे वाक्य माझे असून चूक माझी आहे. आरोपी बहाणा करीत नव्हता, लाज राखीत होता.’

तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला. “कशाले अंगावर घेता? पेन्शन तोंडावर आली तुमची. टायपिंगची चूक म्हणून टाका.”

“टाइप कुठी केलंतं साहेब? हातानं लिवलं होतं.”

साहेबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा कागदाकडे पाहिलं आणि सही केली. डॉक्टरांनीही केली. पुढच्या पेशीच्या सकाळी चंद्रभाननं अश्विनला समोर उभं राहून दोन तांबे पाणी पाजलं, आणि सचिननं, कुणी न सांगता, गाडी वाटेत पेट्रोलपंपावर थांबवली. न्यायाधीश बाईंनी अहवाल दोनदा वाचला. या खेपेला कुणी हसलं नाही. प्रत्येक कैद्याला पेशीच्या दिवशी पाणी द्या, वाटेत गाडी थांबवा, असं त्यांनी आदेशात घातलं आणि अश्विनला त्याच्या जातमुचलक्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकाबाहेर आला. पंचफुलाबाई चहाच्या टपरीशी वाट पाहत होत्या. मायलेक रस्त्याला लागले तेव्हा पंधरा दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन चंद्रभान लगबगीनं मागून निघाला. बाईंना खरं काय ते सांगायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. नेहमीच्या सवयीनं त्यानं हाक मारली.

“अश्विन!”

भर रस्त्यात अश्विन होता तिथंच उकिडवा बसला. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. तुरुंगात साहेबानं हाक मारली की कैद्यानं बसायचं असतं तसा.

टपरीवरचे लोक वळून पाहू लागले. पंचफुलाबाईंनी पदर तोंडात धरला. उठ म्हणायची चंद्रभानला लाज वाटली. दुखरे गुडघे कसेबसे दुमडून तोही त्याच्यासमोर धुळीत उकिडवा बसला.

“बाबू, ते कोर्टात हसले ना, तो शब्द माया होता. तुया जामीन मायापायी अडला. बाई, तुमीबी आयका. तुमी मले उगीच हात जोडत होत्या.”

पंचफुलाबाईंनी डोळे पुसले.

“उगीच नाई, साहेब,” त्या म्हणाल्या. “दुखलं तवा गरम पानी कोन देल्लं त्याले? ते मी इसरू का आता?”

त्या वाकल्या. एक हात त्यांनी लेकाच्या काखेत घातला, दुसरा चंद्रभानच्या.

“उठा आता दोघंबी.”