दचकवणाऱ्या हेडफोनचा संशय

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. पण गाणी ऐकवणारा नव्हे, दचकवणारा! ज्यांचे लक्ष टिकत नाही अशा मुलांच्या दवाखान्यात माझी नोकरी. मी कानात मोठ्ठा आवाज करतो, आणि पापणी किती जोरात मिटली ते डोळ्याखाली चिकटवलेली चकती सांगते. कधी मोठ्या आवाजाआधी हळूच एक 'टिक' वाजवतो. मेंदूने ती टिक पकडली, तर पापणी कमी दचकते.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! तपासणी करणाऱ्या ताई रोज सकाळी मला आधी स्वतःच्या कानाला लावत, मगच मुलांच्या. पुढे गर्दी वाढली आणि ती सवय सुटली. माझ्या गाद्या फाटल्या, वायरीला चिकटपट्टी लागली. मी कुरकुऱ्या झालो, ज्याच्या-त्याच्यावर संशय घेऊ लागलो.

एकदा भिंगरी आली. आठ वर्षांची पोर. एका जागी ठरत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेले हे नाव. महिन्यापूर्वी, लक्ष टिकवण्याची गोळी सुरू होण्याआधी, तिची तपासणी झाली होती, आज गोळी घेऊन होती. गोळी लागू पडली असेल तर मेंदू टिक पकडणार, असा हिशेब. पण टिक वाजो न वाजो, पापणी आपली तश्शीच दचकत होती.

"गोळी नक्की दिलीत ना?" डॉक्टरांनी आईला विचारले.

आई भिंगरीकडे वळली. "गिळलीस की थुंकलीस? खरं सांग."

"गिळली गं! पण आई, ती टिक..."

"विषय बदलू नकोस."

मलाही पोरीचाच संशय आला. नजर कशी भिरभिरत होती. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय!

"मग मात्रा वाढवून बघू," डॉक्टर म्हणाले. आईचा चेहरा उतरला. गोळीने आधीच भिंगरीची भूक मेली होती, फ्रॉक अंगावर लोंबत होता.

भिंगरीने मला ओढून काढले आणि थेट ताईंच्या कानाला लावले. "ऐका ना! मागच्या वेळी टिक होती. आज नुसती खरखर आहे."

ताईंनी ऐकले आणि त्या ओशाळल्या. "डॉक्टर, वायर गेलीये. खरखर एवढी आहे की टिक ऐकूच येत नाही."

वायर बदलली. पुढच्या आठवड्यात त्याच गोळीवर पुन्हा तपासणी झाली. टिक वाजली आणि पापणी जेमतेम हलली. मात्रा होती तेवढीच राहिली.

मला फार लाज वाटली. नव्या वायरीवरही माझा अजून पुरता विश्वास नाही. म्हणून विनवतो, मित्रांनो, मुलांना खोटे ठरवण्याआधी मला एकदा आपल्या कानाला लावून बघा. त्या दिवशी खोलीत आम्ही इतके जण होतो, आणि लक्ष होते ते फक्त भिंगरीचे.