भोंग्यानं केलेलं आमंत्रण

तर उमेळ्याच्या भालूनं, म्हणजे काशिनाथ राऊतांच्या भालचंद्रानं, सख्ख्या बहिणीच्या हळदीला अख्ख्या गावाला बोलावलं आणि एकही माणूस आलं नाही. एक! हसू नका, ऐका आधी.

गावात पहिला रंगीत टीव्ही आला ना, त्याच वर्षीची गोष्ट. भालू तेव्हा दादरला जनसंपर्काच्या क्लासला जायचा. तिथले सर फळ्यावर एक चौकोन काढायचे, मग बाण, मग दुसरा चौकोन. पहिल्यात बोलणारा, दुसऱ्यात ऐकणारा, बाणावर निरोप आणि बाणाच्या भोवती वेड्यावाकड्या रेघा, म्हणजे गोंगाट. गोंगाटातून निरोप पलीकडे सुखरूप पोचला की झाला संवाद! भालूला हे इतकं आवडलं की घरी मीठ मागतानाही त्याच्या डोळ्यांपुढे बाण यायचा. सर शेवटी पलीकडून अलीकडे येणारा एक बारीक, तुटक बाणही काढायचे, त्याला फीडबॅक म्हणायचे. पण तो तास संपता संपता, आणि भालूला गाडी गाठायची असायची.

मंदाची हळद शनिवारी. आणि बुधवारी काशिनाथकाका केळीचा लोंगर उतरवताना पाय मुरगळून बसले. पाय सुजून हा एवढा. मग आमंत्रणं कोण करणार? भालू.

आता आपल्याकडे आमंत्रण म्हणजे काय, तुम्हाला माहितीये. दारात जायचं, चपला काढायच्या, ओटीवर टेकायचं. आधी म्हशीची चौकशी, मग म्हाताऱ्याच्या गुडघ्याची, मग पाणी, मग चहा, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, "उद्या मंदाची हळद हां, चूल पेटवू नका." एका घराला अर्धा तास कुठेच गेला नाही.

"आई, एवढ्या वेळात मी अख्खी वसई बोलावीन," भालू म्हणाला.

"वसई नको, आपला पाडा बोलाव," नर्मदाकाकी म्हणाल्या. त्या वड्या थापत होत्या, वर बघायलाही फुरसत नव्हती.

मंदा तेवढी वर बघून म्हणाली, "दादा, बाकी कोणी येवो न येवो, सुभद्राआत्या आली पाहिजे. ती गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. सांगून ठेवते."

काकींचा वडी थापणारा हात तिथंच थांबला. कारण सुभद्राआत्या, काशिनाथकाकांची थोरली बहीण, खालच्या आळीत दिलेली, गौरीच्या सणापासून वहिनीशी, म्हणजे काकींशी, बोलत नव्हती. आणि हळदीची गाणी म्हणाल तर तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही. बाकीच्या बायका नुसत्या मागून सूर ओढणाऱ्या.

"येईल गं," भालू म्हणाला. "निरोप पोचला की माणूस येतं. शास्त्र आहे ते."

आणि गेला फेबियनकडे. फेबियन त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चर्चच्या सणाला, लग्नाला लाऊडस्पीकर लावायचा. शुक्रवारी संध्याकाळी दोघांनी रामूच्या टांग्यावर भोंगा बांधला, बॅटरी मांडीवर घेतली आणि निघाले. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग! काशिनाथ राऊत यांची कन्या मंदा हिच्या हळदीनिमित्त सर्व ग्रामस्थांना आग्रहाचं आमंत्रण!" वरची आळी, खालची आळी, देऊळ, तळं. घोडं बिचकलं, कोंबड्या उडाल्या, सुभद्राआत्या अंगणात सुकत घातलेल्या चिंचा गोळा करत होती तिनं पदर कानावर घेतला. भालूनं तिच्या दारासमोर मुद्दाम टांगा थांबवून दोनदा म्हटलं. म्हणजे गोंगाटाचा प्रश्नच नको.

"अरे, उतरून सांग ना तिला," फेबियन म्हणाला.

"उतरू कशाला? एवढं समोर तर सांगितलं."

शनिवारी सकाळी मांडवाला माणसं यायला हवी होती. बायका हळद दळायला, पुरुष बांबू रोवायला, कोणी झावळ्या, कोणी केळीचे खांब. आठ वाजले, नऊ वाजले. अंगणात बांबू आडवे, आणि त्यांच्यावर भालू आणि फेबियन, दोन कावळ्यांसारखे.

रस्त्यानं हरिश्चंद्रमामा सायकलवरून चालले होते. भालू धावला. "मामा, ऐकलं नाही का काल?"

"ऐकलं की! झकास बोललास. अगदी रेडिओवर बोलतात तसं. आमची ही म्हणाली, कोणाकडे तरी हळद आहे वाटतं."

"कोणाकडे तरी? मामा, आमच्याकडे!"

"हो का?" म्हणाले आणि घंटी वाजवत गेले पुढं.

नर्मदाकाकी ओटीवर आल्या. रिकामं अंगण बघितलं, भालूकडे बघितलं. "तू घराघरांत गेला होतास ना?"

"घराघरांत आवाज गेला."

काकींनी डोक्याला हात लावला. "अरे, तारीख काय गावाला माहीत नव्हती? पत्रिका छापायच्या आधीपासून माहीत आहे. सगळ्यांना सांगितलंस म्हणजे कोणालाच नाही सांगितलंस. जा आधी!"

भालू गेला. धावतच गेला. प्रत्येक दारात, "हळद आहे, या हां, चहा नको, घाईत आहे," आणि पुढचं दार. अर्ध्या तासात वरची आळी खलास. परत येऊन बघतो तर अंगणात बांबू होते तसेच.

"काय घेतलंस त्यांच्याकडे?" काकींनी विचारलं.

"काही नाही. वेळ कुठंय?"

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

फेबियनच म्हणाला, "मेलास! आमच्यात पण असं नाही चालत रे. चहा नको म्हटलास म्हणजे त्यांना वाटलं, भांडायला आला होता."

मग काय, पुन्हा पहिल्या दारापासून! या वेळी फेबियन सोबतीला. चहा, चहा, कोकमाचं सरबत, चहा. एका म्हाताऱ्यानं भालूला मोतीबिंदू दाखवला, एका काकूनं सांगितलं की तुझ्या आजीनं आमच्याकडून नेलेली परात अजून परत आली नाही. भालू आधी घड्याळ बघत होता. मग त्याच्या लक्षात यायला लागलं की मोतीबिंदू दाखवून झाला की म्हातारा आपण होऊन विचारतो, "मांडवाला बांबू पुरतील ना?" आणि परातीवरून बोलून झालं की तीच काकू म्हणते, "हळद दळायला जातं आमचं घेऊन जा, तुमच्या जात्याचा खुंटा हलतो." परत येणारा तुटक बाण, तो हा! पोटात चहा डचमळत होता, पण मागे वळून बघितलं तर झावळ्या खांद्यावर टाकून माणसं राऊतांच्या अंगणाकडे निघाली होती.

उरलं एक दार.

सुभद्राआत्या पायरीवर बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. भालू समोर उभा राहिला. ती बघेना.

"आत्या..."

"प्रेमलता," आत्यानं आत सुनेला हाक मारली, "दारात कोणी आलंय का गं? की टांगाच आलाय?"

आतून प्रेमलतावहिनी हसू दाबत म्हणाली, "भालूभाऊजी आलेत."

"विचार त्यांना, भोंगा कुठं ठेवला? त्याच्याशिवाय बोलता येतं का?"

"आत्या, चुकलं माझं."

"गौरीला तुझ्या आईनं मला बोलावणं पाठवलं ते दूधवाल्याच्या तोंडी. दूध मापता मापता! मी त्या घरची लेक. आता हळदीला भोंगा. बारशाला काय, कुत्र्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधणार?"

क्लासमधलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आत्या, मला बोलवायला येत नाही गं. तू शिकव. पण मंदा सकाळपासून पाट घेऊन बसलीय. म्हणते, आत्या गायली तरच हळद. तू नाही आलीस तर तिला मी काय तोंड दाखवू?"

आत्याचा चिंचोके काढणारा हात मंदावला. "बाहेर जा," ती म्हणाली.

"आत्या!"

"फाटकाबाहेर जा म्हणते. आणि परत ये. नीट."

भालू गेला. परत आला. चपला काढल्या.

"हाक कोण मारणार? तुझा बाप?"

पुन्हा बाहेर. "आत्या, आहेस का गं घरात?"

"कोण ते? भालू? ये बाबा ये, बस," आत्या म्हणाली, जणू सकाळपासून दिसलाच नव्हता! फेबियन फाटकाला धरून हसत होता. भालू बसला, म्हशीचं विचारलं, पाणी प्यायला. मग म्हणाला, "आज मंदाची हळद हां. चूल पेटवू नका."

"बघू," आत्या म्हणाली. मग मान उंचावून कुंपणाकडे बघत, "आणि त्या केळीमागं कोण उभंय? तिला सांग, उभ्यानं पाय दुखतात."

भालूनं वळून बघितलं. केळीच्या पानांआड नर्मदाकाकी, हात हळदीनं पिवळे, कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. आत यायला बोलावणं नव्हतं आणि परत जायला मन नव्हतं.

त्या आल्या, पायरीच्या खालच्या टोकाला बसल्या. आता दोघी गौरीचं काढणार, दूधवाल्याचं काढणार, असं भालूला वाटलं. आत्यानं आणखी एक चिंच सोलली.

"नारळ किती खवलेस?" आत्यानं विचारलं.

"निम्मे. माझी खवणी बोथट झालीय, वन्सं."

"प्रेमलता, आपली खवणी घे. आणि माझं हिरवं लुगडं काढ."

बस. एवढंच! भालू दोघींच्या तोंडाकडे बघत राहिला. कुठून निरोप गेला, कुठून आला, फळ्यावर काढायचं झालं तर बाण लावायचा कुठं?

संध्याकाळी मांडव भरला. मंदा पाटावर बसली, आत्या तिच्या मागं. पहिल्या ओळीलाच मंदाचे डोळे भरले आणि आत्यानं हळदीचा हात तिच्या गालावरून फिरवला. चार गाणी झाली, मग आत्या म्हणाली, "फेबियन, तो भोंगा इकडे आण रे. आहे ना बॅटरीत जीव?"

फेबियननं माइक तिच्या हातात दिला. आत्यानं तो उलटा धरला, त्यानं सुलटा केला. आणि खणखणीत आवाजात, पार तळ्यापर्यंत, तिथल्या तिथं जुळवलेलं गाणं सुरू झालं:

"शिकून आला गं शिकून आला, दादरला जाऊन बोलायला,
दारात यायची लाज गं त्याला, टांगा धाडला हाक मारायला!"

बायकांनी ओढून धरलं, गडी टाळ्या वाजवायला लागले, काशिनाथकाका सुजलेल्या पायानं ठेका धरत होते. मंदा रडता रडता हसायला लागली आणि मूठभर हळद घेऊन तिनं भालूच्या तोंडाला फासली.

भालू पिवळ्या तोंडानं फेबियनला म्हणाला, "आवाज कमी कर ना जरा."

"छ्या!" फेबियन म्हणाला आणि बटण आणखी फिरवलं. "खालच्या आळीत ऐकू यायला नको?"