चिंचणीच्या ओटीवरचे दोन चुंबक

मित्रांनो, तात्यांच्या लेकीचे, आनंदीचे लग्न झाले, त्या साली मी चिंचणीच्या या घरात आलो. मी एक जुना लोहचुंबक आहे. गोल, चपटा, मधे भोक असलेला. त्या लग्नात ऐन हळदीला मांडवातला लाऊडस्पीकर बंद पडला. मी त्याच्या पोटात होतो. माझ्याजवळ तांब्याच्या तारेचे एक वेटोळे होते. तारेतून विजेचा प्रवाह गेला की तेही चुंबक बनायचे. मी त्याला कधी ओढायचो, कधी ढकलायचो आणि त्या थरथरीतून गाणे बाहेर पडायचे. वेटोळे जळाले. स्पीकरवाल्याने मला टाकले आणि तात्यांनी उचलले.

तात्या डाय कोरायचे. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर नक्षी कोरतात आणि सोन्याचा पत्रा त्यावर दाबला की दागिन्याला ती नक्षी उठते. कोरताना पोलादाचा कीस ओटीभर उडतो आणि अनवाणी पायांत रुततो. तात्या मला दोरी बांधून जमिनीवरून फिरवत. कीस माझ्या अंगाला काट्यांसारखा उभा राही. एकदा मी पडलो आणि कडेचा टवका उडाला. गंमत अशी की त्या टवक्यालाही स्वतःचा उत्तर आणि दक्षिण ध्रुव होता. चुंबक कितीही फोडा, एकटा ध्रुव कधी सापडत नाही.

पुढे तात्यांची नजर अधू झाली. कोरणे मुलाकडे, भावेशकडे गेले. तात्यांना एकच काम उरले, मला फिरवण्याचे.

मग भावेशने ग्राइंडर, म्हणजे ठोकळे घासून सपाट करणारे यंत्र आणले. ठोकळा हलू नये म्हणून त्याच्या टेबलात एक विद्युतचुंबक होता. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याच्या पोटात काय, तर मऊ लोखंड आणि तारेचे वेटोळे. बटण दाबले, प्रवाह वाहिला की हा चुंबक; बटण बंद केले की नुसते लोखंड. मी दिवसरात्र चुंबक, तेही विजेवाचून. तरी शेजारीपाजारी त्यालाच बघायला येत. दसऱ्याला झेंडूची माळ त्याला मिळाली. मला उरलेले कुंकू लागले, तेही तात्यांनी आठवण केली म्हणून. मी जळफळत राहिलो.

एके दिवशी मुंबईच्या सोनाराने कोयरीची डाय परत पाठवली. प्रत्येक कोयरीवर त्याच जागी ओरखडा उठत होता. भावेशची बायको मेघाली डायला पॉलिश करते. तिने भिंगातून पाहिले. नक्षीच्या खाचेत पोलादाचा बारीक कीस चिकटून बसला होता. फडक्याने पुसूनही तो निघत नव्हता.

भावेश तात्यांवर भडकला. "तात्या, तुमी हा चुंबक डायजवळ ठेवला ना? तिला चुंबक लागला, म्हनून कीस धरते ती!"

"मी नाय ठेवला."

"मंग कुनी? उद्या भंगारवाला आला का देऊन टाकतो याला."

"दे ना," तात्या म्हणाले. "त्याच्याच गाडीत मला पन बसव. तसा पन मी काय कामाचा हाय?"

"भंगारवाला तुमाला घेनार नाय तात्या," मेघाली म्हणाली, "तुमी लय कटकट करता." तात्या हसले नाहीत. त्यांचे बोलणे तिलाही लागले असावे. ती उठली आणि तिने कपाटातून एक कोरा ठोकळा काढला. माझ्यापासून तो कायम लांब होता. त्याला टाचणी लावली, ती खाली पडली. मग तो ठोकळा तिने ग्राइंडरच्या टेबलावर ठेवला, बटण चालू केले, थोडे घासले आणि बटण बंद केले. पुन्हा टाचणी लावली.

टाचणी चिकटली!

"बघा तुमचा लाडका," ती नवऱ्याला म्हणाली.

मित्रांनो, मऊ लोखंड प्रवाह थांबताच चुंबकत्व सोडते. डायचे कठीण पोलाद मात्र थोडे धरून ठेवते. टेबलातला प्रवाह एकाच दिशेने वाहतो, म्हणून त्याची खूण पोलादावर राहते. ती पुसायला भावेशने बोईसरहून दुसरे वेटोळे आणले. घरातल्या विजेवर ते चालते. ही वीज सतत दिशा बदलते. डाय त्यातून हळूहळू लांब नेली की तिचे चुंबकत्व विरून जाते.

माझा आनंद गगनात मावेना. आता कळेल सगळ्यांना, असे मला वाटले. पण भावेश खाली बघत तात्यांना म्हणाला, "उद्यापासून प्रत्येक डाय तुमी तपासायची. टाचनी लावून बघायला डोळे लागत नाय, बोटाला समजतं." आणि त्याने तात्यांसाठी खुर्ची मांडली. कुठे? ग्राइंडरच्या टेबलाशेजारी.

खटला मी जिंकलो आणि तात्या त्याला मिळाले. ते रोज त्याच्याजवळ बसत. बटण दाबून पाहत आणि लहान पोरासारखे म्हणत, "धरला. सोडला. शहाना हाय बघ!" मला असे कधी कुणी म्हणाले नव्हते. मी खिळ्याला लटकून ऐकत असे. मला हेवा वाटे आणि तात्या पुन्हा ताठ बसू लागले हेही दिसे. हेवा त्याने कमी झाला नाही.

आता मेघाली मला घाईघाईने फिरवते. मित्रांनो, जुन्या चुंबकाला आपटू नका, तापवू नका. त्याने आमची शक्ती जाते. आणि घरात नवे काही आणाल, तेव्हा जुन्याला रिकामे बसवू नका. त्याच्या हाताला जमेल असे काम शोधून द्या.

तात्या यंदा माघी पौर्णिमेला सकाळी वारले. आदल्या दिवशी त्यांनी चार डाय तपासल्या होत्या.