मेघाचा उजवा बूट

मित्रांनो, मेघा माझ्याशिवायच निघून गेली. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चला. आमच्या कारखान्याचा कम्प्युटरही तसंच धरून चालतो.

मी एक जुना, पण कोरा बूट आहे. उजवा. माझा तळ चांगला विटेएवढा जाड, कारण पिशोरच्या मेघाचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आहे. दसऱ्याच्या सुमारास तिचा मामा प्रणय तिला एस.टी.नं आमच्या वाळूजच्या कारखान्यात घेऊन आला. इथं ज्याच्या त्याच्या पायाच्या मापानं बूट बनतात. एकासारखा दुसरा नसतो. कारागीर सखारामकाकांनी तिच्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावर माझं कातडं ओढलं.

दिवाळीनंतर ती मला घालून बघायला आली. पट्टे लावायचे राहिले होते, तरी शेडच्या टोकापर्यंत चालून आली. न लंगडता.

"मामा, जमीन सरळ झाली! आता जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणार मी. पहिल्या रांगेत."

"व्हय माय, खेळ. फक्त ढोलवाल्यांना तुझ्यामागं पळायला लावू नको."

माझी सारी नोकरी ती एवढीच.

"पट्टे लावून आठवड्यात देतो," मालक राजेंद्रभाऊ म्हणाले. आणि त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर आलं.

ते वाईट नव्हतं हो. शेजारच्या कारखान्यात नटबोल्ट निघतात, सगळे एका तोंडवळ्याचे. किती खपले, किती करायचे, माल कधी मागवायचा, तिथं ते सगळं बिनबोभाट सांभाळतं. राजेंद्रभाऊंना मोह झाला. दुसऱ्याच्या मापाचा बूट घालू नये, हे जन्मभर गिऱ्हाइकांना बजावणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या मापाचं सॉफ्टवेअर घेतलं.

कम्प्युटरवर बसणाऱ्या सुयशनं मला त्यात भरलं. सॉफ्टवेअर म्हणालं, जोड कुठंय?

"एकच बूट आहे, यार. डावा पाय चांगलाय तिचा," सुयश स्क्रीनलाच सांगू लागला.

"मग तसं लिही की," सखारामकाका म्हणाले.

"लिहायला जागाच नाय, काका. नुसता रंग विचारतंय."

"मग पिशवीत घालून दे पोरीला!"

"गेटपासशिवाय चिटपाखरू बाहेर जायचं नाय!" राजेंद्रभाऊ केबिनमधून ओरडले. "सिस्टीम म्हंजी सिस्टीम!"

शेवटी सुयशनं मला 'नेहमीचा माल' या खात्यात ढकललं. सॉफ्टवेअरनं पाहिलं, मालाला मागणी आहे आणि साठा शून्य. लगेच हुकूम निघाला. सखारामकाका म्हणाले, "आपल्याला काय, सांगितलं तेवढं करायचं." केलं. रॅकभर उजवे बूट झाले, सगळे मेघाचे. कारखान्यातलं कातडं संपलं. मग दोन-दोन उजवे बांधून जोड लागले, स्क्रीनवर साठा पुरा दिसला आणि राजेंद्रभाऊंनी पेढे वाटले.

महिन्यामागून महिने गेले. प्रणयमामा फोन करायचा. "प्रोसेसमध्ये आहे," सुयश सांगायचा. पाय मात्र प्रोसेसमध्ये नव्हता. तो वाढत होता.

जयंतीच्या आदल्या दिवशी माझा गेटपास निघाला. मेघा पळतच आत आली. टाच माझ्यात शिरेना. मामानं पावडर टाकली.

"दाब मामा. अजून दाब."

"अगं, मोडंल पाय!"

"मोडू दे. दाब."

नाही गेली.

"नवा करून द्या," मामा म्हणाला.

"कातडं नाय," सखारामकाका जमिनीकडं बघत म्हणाले.

"मग ते रॅकभर कशाला मांडलेत? त्यातला बघा!"

सुयशनं एकेक काढून दिला. मामानं एकेक चढवून पाहिला. सगळे माझेच भाऊ. आमच्यात मोठं कुणीच नव्हतं.

मेघानं आपली जुनी सँडल अडकवली. "राहू दे मामा. मी ट्रॅक्टरवर बसून पाणी वाटते. तेबी कुणीतरी लागतंच की."

ती गेली. लंगडत. तिच्या सँडलला गेटपास लागला नाही.

सॉफ्टवेअरच्या हिशेबानं मी त्याच दिवशी पिशोरला पोचलो. 'ग्राहक समाधानी' हेही आपोआप उमटलं. माल खपला म्हणून पुढच्या रॅकभर बुटांचा हुकूम निघालाय. फक्त कातड्याची वाट आहे.

मित्रांनो, बुटाला पॉलिश करा, असं काहीतरी मी शेवटी सांगायला हवं. पण मला पॉलिशची गरज नाही. माझा अर्ज तेवढा पुढं पाठवा:

विषय : पाय वाढल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती की, गेटपास निघेपर्यंत मुलांच्या पायांची वाढ स्थगित ठेवण्यात यावी, आणि कुमारी मेघा हिचा उजवा पाय दसऱ्याच्या मापावर पूर्ववत करून मिरवणूक पुन्हा काढण्यात यावी.

आपला विश्वासू,
उजवा बूट (जोड)