आयिकोरूच्या दाराचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण जन्माने मी दरवाजा आहे. माझ्या डाव्या कडेला बिजागऱ्यांची भोकं अजून दिसतात. छातीवर आणखी दोन भोकं आहेत, ती बंदुकीच्या गोळ्यांची. माझी गोष्ट तिथूनच सांगावी लागेल.

नाईल नदीच्या पश्चिमेला, आरुआच्या वाटेवर ओलिवू हे माझं गाव. तिथल्या ओडामा नावाच्या सुताराने मला महोगनीच्या फळ्यांतून घडवलं, ते नव्या नवरीसाठी, आयिकोरूसाठी. शेजारी हसायचे. "अरे ओडामा, गवताच्या घराला एवढं जड दार? वाऱ्याने घर उडेल आणि दार तेवढं उभं राहील!" ओडामा रंधा मारता मारता म्हणायचा, "सुताराची बायको पोत्याआड झोपली तर माझ्याकडे गिऱ्हाईक येईल का?"

त्या दोघांचा संसार जेमतेम पाच वर्षांचा झाला. मग राजधानीतलं, आमच्याकडच्या माणसाचं सरकार पडलं आणि आमच्या भागावर सूड उगवायला सैनिक आले. भर दुपारची वेळ होती. त्यांनी मला लाथा मारल्या. ओडामाने आतून मला पाठ टेकवली आणि बायकोला ओरडून सांगितलं, "मागची भिंत फाड! पोराला घे!" आयिकोरू गवताची भिंत फाडून पोरासह पळाली. दोन गोळ्या माझ्यातून गेल्या आणि माझ्यातून त्याच्यात गेल्या. अडवणं हेच दरवाजाचं काम. मला ते जमलं नाही. एवढ्या वर्षांनीही ते मला बोचतं.

भावांनी ओडामाला टेकडीवर पुरलं. कर्त्या पुरुषाच्या उशाशी रानउंबराची फांदी रोवायची आमच्याकडची रीत आहे. तेवढी त्यांनी घाईघाईने रोवली आणि सारा गाव उत्तरेकडे सीमेपलीकडे निघाला. आयिकोरूने मला डोक्यावर घेतलं, पोराला पाठीशी बांधलं. वाटेत ओढ्याच्या उतारावर सैनिकांनी पुन्हा गाठलं. पुढे चालणारी म्हातारी पाण्यात आडवी झाली ती उठलीच नाही. आयिकोरूने तिच्यावरून पाय टाकला. नाइलाज होता, पण पुढे कितीतरी वर्षं तो पाय आपल्याला जड वाटतो असं ती सांगायची.

सीमेपलीकडच्या एका बाईने तिला आपल्या आंब्याखाली जागा दिली. सहा वर्षं मी त्या आंब्याखाली बाज म्हणून आडवा होतो. आयिकोरूचा पोरगा परक्यांच्या झाडाखाली परक्यांच्या पोरांबरोबर अक्षरं शिकला. मग परत आलो. सैनिकांनी मागे जाळलेल्या घराची राख पावसाने वाहून नेली होती. टेकडीवरचा उंबर मात्र माणसाएवढा झाला होता.

पुढची तीस वर्षं नव्या घराचं दार म्हणून बरी गेली. मग त्याच वाटेने, आता उलट दिशेने, सीमेपलीकडची माणसं पळून येऊ लागली. त्यांत जोकुडू नावाची एक तरुण शिक्षिका होती. बंदूकवाल्यांनी तिची शाळा पेटवली तेव्हा वर्ग भरलेला होता. जेवढी मुलं बाहेर काढता आली तेवढी घेऊन ती चालत आली होती. तिची मान आणि एक कान भाजलेला होता.

मोठ्या गाड्यांतून मदतीची माणसं आली. त्यांनी नावं लिहिली, ताडपत्र्या वाटल्या आणि शाळा पुढच्या वर्षी बांधू म्हणून सांगितलं. आयिकोरू तेव्हा साठीच्या पुढे गेली होती. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी? तोवर पोरं काय वाढायची थांबणार आहेत?" तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याचा हातोडा काढला आणि मला बिजागऱ्यांतून उखडलं.

जोकुडू संकोचली. "अहो मावशी, मग तुमच्या घराला काय?"

"पोतं लावीन. चोरांनी न्यावं असं माझ्याजवळ उरलंय काय? चार दात?"

टॉर्चचे जुने सेल फोडून त्यांतली काळी पूड कसावाच्या कंदाच्या खळीत कालवली आणि ती मला फासली. खडूही वाळवलेल्या कसावाचाच होता. त्यात एक मोठी अडचण होती. सुट्टी झाली की शेळ्या यायच्या आणि माझ्यावरचे पाढे चाटून जायच्या. "सातचा पाढा कुणाला येतो?" असं बाईंनी विचारलं की पोरं ओरडायची, "शेळीला!"

शाळा मोठ्या चिंचेखाली भरायची, मी बुंध्याला टेकून उभा असायचो. गावातली मुलंही येऊ लागली. बायकांनी मक्याची पेज शिजवायचं आपसांत वाटून घेतलं. नियम एकच होता, प्रत्येक मुलाने येताना एक लाकूड आणायचं. चुलीपाशी आयिकोरू बसायची. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

मग पाऊस हुकला. गावाला आणि पळून आलेल्यांच्या वस्तीला मिळून एकच हापसा होता. रांगेत भांडणं झाली, पाण्याच्या डब्यांनी डोकी फुटली. "ह्यांनी आपलं रान खाल्लं, आता पाणी पिताहेत," असं गावातली तरणी पोरं उघड म्हणू लागली. त्यांत आयिकोरूचा नातू आफेकू पुढे असायचा.

एके सकाळी किदेन नावाची नऊ वर्षांची मुलगी मोठी फांदी ओढत आली. ती जोकुडूबरोबर आलेल्यांतली होती आणि तिला आईबाप नव्हते. आयिकोरूने फांदी मोडली. पांढरा चीक तिच्या बोटांवर आला.

"कुठून आणलीस गं?"

"टेकडीवरून, आजी. मोठी आहे ना?"

टेकडीवर उंबर एकच होता. आयिकोरू जमिनीवर बसली. मग मुलीला म्हणाली, "जा, पाढे म्हण," आणि फांदी चुलीत सारली. ओलं लाकूड भयंकर धुमसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं आहे असं साऱ्यांना वाटलं.

दुपारी आफेकू आला. बरोबर तीसेक पोरं होती, हातांत कोयते आणि तिरकमठे. "आजोबांच्या उशाचं झाड कुणी पाडलं?" त्याने चुलीतली अर्धी जळलेली फांदी ओढून काढली. "बघा! मेलेल्या माणसाच्या झाडावर पेज शिजवतात!"

मुलं उधळली. एक बाण चिंचेत घुसला, दुसरा जळण फोडणाऱ्या, वस्तीतल्या एका मुलाच्या बापाच्या गळ्यात. वस्तीतून दगड आले आणि आफेकूच्या चुलतभावाचं कपाळ फुटलं. तो जागच्या जागी गेला. जोकुडूने किदेनला माझ्यामागे लोटलं. तोच तिच्या खांद्यावर कोयता बसला आणि रक्ताची चिळकांडी माझ्यावरच्या बेरजांवर उडाली. माझ्यामागे ती पोर इतकी थरथरत होती की मीही हलत होतो.

आयिकोरू माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "फांदी चुलीत मी घातली. काय करायचं ते मला करा."

"आणली कुणी ते सांग, आजी. बाजूला हो."

"नाव सांगणार नाही. तुला मी या हातांनी भरवलंय रे आफेकू. तुला माझा स्वभाव माहीत नाही?"

आफेकू थबकला. त्याचा दोस्त द्राले थांबला नाही. त्याला माझ्याखालून एक लहान पाऊल दिसलं होतं. "पोरगी मागे आहे!" म्हणत त्याने कोयता उगारला. आयिकोरूने आडवा हात घातला. कोयता हातातून आरपार जाऊन माझ्यात रुतला.

ती पडली नाही. दुसऱ्या हाताने तिने कमरेच्या कापडाची गाठ धरली. "सोडू? पाहा सगळ्यांनी, सोडू गाठ?"

पिकल्या केसांची बाई स्वतःच्या लेकरांपुढे रागाने वस्त्र सोडते, तेव्हा त्या घराण्याचा वंश बुडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोयते खाली पडले. झाडून सगळ्यांनी डोळे जमिनीला लावले आणि ते पाठमोरे होऊन पळाले.

दोन माणसं मेली, एक वस्तीतला आणि एक गावातला. माझे त्यांतले कोण, हे मला आजही सांगता येत नाही. आयिकोरूचा हात कोपरापासून काढावा लागला. मोठ्या गाड्या धोका आहे म्हणून दोन महिने फिरकल्या नाहीत. शाळा चौथ्या दिवशी भरली, कारण गावातल्या बायकांनी पेज शिजवली आणि खांदा बांधलेली जोकुडू डाव्या हाताने लिहू लागली.

पण कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीला फांदी आणणाऱ्याचं नाव हवं होतं. नाव मिळाल्याशिवाय सूड मिटणार नव्हता. आफेकू रोज कोयता घेऊन यायचा आणि चिंचेपासून थोडा दूर बसून राहायचा. आयिकोरू ते सांगत नव्हती. किदेनचं तर बोलणंच बंद झालं होतं. नाव फुटलं तर आपलं काय होईल, हे किदेन समजून होती.

एक दिवस पाढे चालू असताना ती उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. आफेकूकडे पाहून म्हणाली, "फांदी मी आणली."

जोकुडूच्या हातातला खडू मोडला. "किदेन, खाली बस!"

आफेकू उठून जवळ आला. "कुऱ्हाड कुणाची होती?"

"कुऱ्हाड नव्हती. झाड आधीच पडलेलं होतं. कोळशाची भट्टी रचत होते. एका दादाने फांदी दिली. म्हणाला, ही शाळेत ने, तुमच्या चुलीला होईल."

"कुठला दादा?"

"मला त्याचा आवाज माहीत आहे. त्या दिवशी तोच म्हणाला, पोरगी मागे आहे."

द्रालेची ती आरोळी आफेकूनेही ऐकली होती. त्याने आजीकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं.

"मला काय बघतोस?" आयिकोरू म्हणाली. "त्या पोरीला आत्ता विचारलंस. तेव्हा का नाही विचारलंस?"

त्याने कोयता किदेनच्या पायांपाशी ठेवला आणि रिकाम्या हातांनी तो बैठकीच्या झाडाकडे चालू लागला. थोड्या वेळाने आयिकोरू त्याच्यामागून गेली, साक्ष द्यायला. तिच्यामागून किदेनही गेली.

मित्रांनो, मला आता वाळवी लागली आहे. मला तेल लावा, काळं फासा, पावसात उभं करू नका, एवढं तर कुठलाही फळा मागेल. मला आणखी एक मागायचं आहे. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना उत्तरं येत असतात. हात उगारण्याआधी त्यांना विचारा. आणि ती सांगेपर्यंत थांबा.