इथे सिनेगॉग नाही

मोझेलबाई चेऊलकरांनी दहावे प्रार्थनापुस्तक बाकावर ठेवले आणि पुन्हा दारात येऊन रस्ता पाहिला. प्रार्थना साडेनऊची. दहा वाजून गेले होते.

श्रीरामपूरच्या या लहानशा सिनेगॉगची, गावाच्या भाषेत ज्यूंच्या देवळाची, किल्ली नवऱ्यामागे त्यांच्याकडेच होती. गावात ज्यू म्हणून आता त्या एकट्याच. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते दर महिन्याला पाळीपाळीने पुण्याहून गाडी करून येत; आजचे दहाही पुण्यातल्या सणांमुळे मोझेलबाईंच्या ओळखीचे, पण इथे पहिल्यांदाच येणारे होते. आज मात्र ते जाताना तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, पवित्र गुंडाळी सोबत नेणार होते. तीन आठवड्यांपूर्वी दाराखालून चिठ्ठी आली होती : 'यहुद्यांनो, इथे पुन्हा दिवा लावलात तर देवळासकट जाळू.' लिहिणारा सापडला नव्हता. तेव्हापासून कानिफनाथ नावाचा पोलीस शिपाई फाटकात खुर्ची टाकून बसे. पुण्याच्या समितीचे प्रमुख सॅम्युअल पेझारकर फोनवर म्हणाले होते, "तोरा आमच्याकडे सुरक्षित राहील. हट्ट करू नका."

त्यांनी हट्ट केला नव्हता. फक्त प्रार्थनेनंतर वाटायच्या गोड मलिद्याचे पोहे नेहमीच्या दुप्पट भिजवले होते.

"घाबरले असतील," त्या कानिफनाथला म्हणाल्या. "त्यांचं तरी काय चुकलं?"

"फोन लावा की, मावशी."

"मोबाईल घरी चार्जिंगला राहिलाय."

इतक्यात त्याचाच मोबाईल वाजला. ऐकता ऐकता तो उभा राहिला.

"भाजीवाल्या रतनबाईंचा फोन हुता. दहा माणसं देवळाचा पत्ता इचारत फिरत्यात. तिनं धरून ठेवलीत म्हनं."

"दहा?" मोझेलबाई चपला शोधू लागल्या. "नक्की दहाच म्हणाली?"

फाटकाला कुलूप लावून दोघे निघाले.

चिठ्ठी आल्यावर कानिफनाथने बाजारभर सांगून ठेवले होते : अनोळखी माणसाने देवळाचा पत्ता विचारला तर सांगायचा नाही, मला कळवायचं. बाजाराने ते मनावर घेतले होते. रिक्षावाल्या रंगनाथने पाहुण्यांना रेल्वे लाइनीपलीकडे धाडले. तिथल्या एकाने त्यांना चर्चपर्यंत नेऊन सोडले. ते फिरून बाजारात आले तेव्हा रतनबाईंनी भाजीची हातगाडी त्यांच्या गाडीसमोर आडवी लावली.

आता दहाही पुणेकर कांद्याच्या गोण्यांवर ओळीने बसून चहा पीत होते. कडेला सॅम्युअल पेझारकर, कोटाला कांद्याची टरफले चिकटलेली.

"मोझेलबाई, सांगा हो यांना," ते म्हणाले. "पाऊण तास झाला. इथे सिनेगॉगच नाही म्हणतात."

रतनबाई जागेवरून हलल्या नाहीत.

"ह्ये तुमचे हायेत?"

"माझेच आहेत, रतन."

"सगळे? नीट बघा."

मोझेलबाईंनी खरोखरच एकेक चेहरा पाहिला. दोघे-तिघे नकळत ताठ बसले.

"सगळे," त्या म्हणाल्या, आणि हसू लपवायला त्यांनी तोंडाला पदर लावला.

"मग आदी सांगायचं न्हाई का? चिठ्ठीवाला बी असाच कोट घालून आला तर आमी काय करायचं?" रतनबाई पेझारकरांकडे वळल्या. "राग मानू नका, दादा. अजून चा घ्या."

हातगाडी बाजूला झाली. प्रार्थना अकराला सुरू झाली. पेझारकरांनी तोरा वाचली. त्यांचा आवाज थेट रस्त्यापर्यंत जात होता. नंतर मलिदा वाटायला घेतला तेव्हा फाटकात निम्मा बाजार जमला होता आणि दुप्पट पोहेही जेमतेम पुरले.

ड्रायव्हर दारात आला. "साहेब, तोरा न्यायची पेटी आणू ना आत?"

पेझारकरांनी फाटकाकडे पाहिले. रतनबाई मलिद्यातला खजूर चघळत एका नवख्या माणसाची चौकशी करत होत्या : कुठला, कुणाकडे आलास. तो पुण्याच्याच दहांपैकी होता, कोट काढून बाहेर फोनवर बोलायला गेलेला.

"नको," पेझारकर म्हणाले. "तोरा इथेच राहू दे."

मोझेलबाई रिकामे ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

पेझारकर फाटकापर्यंत गेले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"रतनबाई, तुमचा नंबर द्या. पुढच्या महिन्यात निघण्याआधी तुम्हाला विचारतो."

रतनबाईंनी हात पदराला पुसले आणि एकेक आकडा सावकाश सांगायला सुरुवात केली.