बंद असताना मी कुठे होतो

मित्रांनो, माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवरचा रंग उडाला आहे आणि चार्जर थोडा वाकडा धरला तरच माझ्या पोटात काही जातं. तरीही मी भंगार नाही. मी कामावर असलेला जुना मोबाईल आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण तेव्हा मी बहुतेक वेळ बंदच होतो. नीट जाग आली ती महागावच्या एका दुकानात, आणि समोर होता निकिताचा चेहरा. ती मला फुलसावंगीला घरी घेऊन गेली तेव्हा अख्ख्या गल्लीने मला हातात घेऊन पाहिलं. काय तो थाट! उपग्रहांचे संदेश ऐकून मी क्षणात सांगायचो की आपण नकाशात कुठे उभे आहोत. निकिताचे बाबा, प्रफुल्ल, आ वासून बघत राहायचे.

पुढे निकिता शिकायला पुसदला गेली. तिला नवीन फोन मिळाला आणि मी तिच्या आईकडे, नलूकडे आलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिकडे नव्या फोनचे लाड आणि मी इकडे पिठाच्या डब्यावर पडून. पण नलूचा एक गुण मला लवकरच कळला. ती कापूस वेचता वेचता गाणी रचते. संध्याकाळपर्यंत ती विसरूनही जाते, म्हणून निकिताने तिला माझ्यात आवाज साठवायला शिकवलं. तेव्हापासून माझा भाव पुन्हा वधारला.

यंदा नलूच्या मोठ्या लेकीचं, अर्पिताचं, लग्न ठरलं. हळदीला म्हणायचं गाणं नलूने शेतातच रचायला घेतलं.

‘बोंड उकललं, बाई, पऱ्हाटी हासली,
माही अर्पिता हळदीच्या पाटावर बसली.’

अशी पुष्कळ कडवी झाली. नलूला सलग पाठ काहीच नव्हतं. सगळं गाणं माझ्या पोटात होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

हळद दोन दिवसांवर आली तेव्हा शेतातल्या विहिरीजवळ तिने मला शेवटचं कडवं ऐकवलं आणि चार्जिंग वाचावं म्हणून बंद केलं. आता यापुढचं मी सांगतो ते ऐकीव आहे बरं का. बंद झालो की मी कुठे आहे हे मलाच कळत नाही, तर दुसऱ्याला काय सांगणार? पण नलूने नंतर सगळ्या नातेवाइकांना माझ्यावरूनच फोन करून ही गोष्ट सांगितली, त्यामुळे मला ती तोंडपाठ झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एकच गोंधळ उडाला.

"अवं निकिता, माहा फोन सापडून नाई राह्यला! अर्पिताचं गाणं त्याच्यातच हाय वं!"

लग्नासाठी घरी आलेल्या निकिताने मला फोन लावून पाहिला. मी बंद. प्रफुल्ल मात्र निश्चिंत होते.

"कायले घाबरता? बंद असला तरी मोबाईलले सारं मालूम असते. पानठेल्यावाला अमर सांगून राह्यला होता. तू नकाशात पाहून घे!"

मी मूळचा निकिताचा, त्यामुळे तिच्या नव्या फोनवर मला शोधता येत होतं. नकाशात माझा ठिपका दिसला, थेट विहिरीजवळ. झालं, सगळे शेतात धावले. तासामागून तास, म्हणजे पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळी, धुंडाळून झाल्या. प्रफुल्लनी विहिरीतसुद्धा डोकावून पाहिलं.

"ठिपका तं इथंच हाय, मंग फोन काहून दिसत नाई?"

"बाबा, हा ठिपका कालचा हाय," निकिता म्हणाली. "आईनं बंद केला तवा फोन इथं होता, येवढंच हे सांगून राह्यलं. मंग कुठं गेला, ते ह्याले नाई मालूम."

शाब्बास पोरी! हल्लीचे काही फोन बंद असतानाही जवळच्या फोनांना खूण देतात म्हणे, पण मी त्यातला नाही.

"आई, फोन बंद केल्यावर तू काय केलं? तसंच करून दाखव."

नलू उभी राहिली. तिने हातात फोन धरल्यासारखं करून तो बंद केला, दुसऱ्या हाताने बोंडातला कापूस ओढला आणि सवयीने दोन्ही हात कमरेच्या ओटीत रिकामे केले. ओटी म्हणजे वेचणाऱ्या बाया कमरेला फडकं बांधून करतात ती झोळी.

"अवं माय! कापसासंगं म्या त्यालेही ओटीत टाकलं!"

ओटीतला कापूस गाठोड्यात गेला होता, गाठोडं घरच्या ढिगात, आणि तो ढीग त्याच वेळी भाड्याने कापूस नेणाऱ्या धरमसिंगच्या गाडीत भरला जात होता. गाडी महागावच्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, जायची होती. माझी बॅटरी तिथल्या यंत्रात चिरडली असती तर गाणं गेलंच असतं, वर कापसालाही आग लागली असती. निकिताने धरमसिंगला फोन लावला, पण तो कापूस तुडवत होता आणि त्याचा मोबाईल पुढे स्टिअरिंगजवळ वाजत पडला होता. मग काय, तिघंही पळत सुटले.

ते घरी पोचले तेव्हा ताडपत्री बांधून झाली होती. नलू गाडीपुढे आडवी उभी राहिली. ताडपत्री सुटली, लग्नघरची पाहुणेमंडळी बाह्या सरसावून आली आणि अंगणभर कापूस पसरला. सगळे अनवाणी पायांनी मला चाचपू लागले. शेवटी धरमसिंगच्याच टाचेला मी लागलो.

"वैनी, तुमच्या कापसात लय मोठी सरकी निघाली!"

मला चालू केलं तेव्हा मी पहिल्यांदा नलूचे भिजलेले, हसरे डोळे पाहिले. नकाशातला ठिपकाही तेव्हाच विहिरीवरून उडी मारून अंगणात आला. त्या दिवशी नलूने गाणं माझ्याकडून इतक्यांदा ऐकलं की संध्याकाळी ते तिला पाठ होतं.

मित्रांनो, आम्हाला बंद करताना कुठे ठेवताय तिकडे एकदा नीट बघा. आम्ही मुके झालो की तुमची आठवण हाच आमचा नकाशा. आणि जे फार लाडकं असेल ते आमच्या पोटात ठेवाच, पण आपल्या गळ्यातही ठेवा.

हळदीच्या दिवशी नलूने मला बंद करून फळीवर ठेवलं. त्यामुळे ती कशी गायली ते मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी जागा झालो तर निकिताने टिपलेलं गाणं मला येऊन पोचलेलं! मी कान देऊन ऐकलं. सगळी कडवी माझ्या ओळखीची होती. शेवटचं मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं.

‘कापसाच्या ढिगामंदी झोपला गं बाई,
मोबाईल उठवा, त्याले हळदीची घाई.’